घरच्या संगणकावरील मराठी अक्षरें

मराठी माणसाच्या घरांत संगणक केव्हां शिरला, याची नोंद कोणत्याहि बखरींत सांपडावयाची नाहीं. सरकारी कचेऱ्यांतून व विद्यापीठांतून तीं यंत्रें कधीं बसलीं, हें अहवालांतून कळतें. परंतु एखाद्या तालुक्याच्या गांवीं, माजघराच्या खिडकीशेजारीं, वर भरतकामाचें आच्छादन घालून ठेवलेलें तें यंत्र घरच्या माणसांशीं कसें वागलें, त्यानें कोणास किती रडविलें आणि क्वचित् कसें हंसविलें, हें घरच्याच माणसानें सांगावें लागतें. जातें, शिवणयंत्र, रेडिओ यांच्या बाबतींत तें कोणी सांगितलें नाहीं, म्हणून तो इतिहास बुडाला. आमच्या घरापुरता संगणकाचा इतिहास बुडूं नये, एवढाच या लेखाचा हेतु आहे. घर परांड्याचें आहे. आणि परांड्याचें म्हटल्यावर थोडें मागें जाणें भाग पडतें.

परांडा आज धाराशिव जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव आहे. तेथील भुईकोट किल्ला प्रसिद्ध आहे. इ. स. १६०० मध्यें अहमदनगर मोंगलांच्या हातीं पडलें, तेव्हां मलिक अंबरानें दुसऱ्या मुर्तजास निजामशाहीच्या गादीवर बसवून कांहीं काळ येथूनच राज्य चालविलें. विजापुरास जी मुलूख मैदान तोफ पाहावयास लोक जातात, ती १५४९ सालीं अहमदनगरास ओतलेली. पुढें ती परांड्याच्या किल्ल्यांत होती, आणि १६३२ त विजापूरकरांनीं ती ओढून नेली. परांडेकरांस त्या तोफेचें अजून वाईट वाटतें. आमच्या लहानपणीं कोणी विजापूर पाहून आला, तर ‘आमची तोफ बरी आहे ना?’ असें त्यास विचारण्याची रीत होती.

परंतु प्रस्तुत विषयास तोफेपेक्षां तोफेवरील अक्षरें अधिक जवळचीं आहेत. किल्ल्यांतील तोफांवरचे लेख फारसी वळणाच्या लिपींत, देशपांडे-कुलकर्ण्यांचीं दप्तरें मोडींत, निजामाच्या अमलांतील कचेरीचा कारभार १९४८ पर्यंत उर्दूंत, आणि पोथ्यापुराणें बाळबोधींत, असा आमच्या गांवचा अक्षरसंसार होता. शिवाय याच तालुक्यांत सीनेच्या कांठीं डोमगांव आहे. समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ तेथें आहे. समर्थांनीं सांगावें आणि कल्याणांनीं लिहावें, अशा रीतीनें दासबोध उतरला. कल्याणांच्या हातची प्रत डोमगांवच्या मठांत राहिली, आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं तिच्यावरून दासबोधाची आवृत्ति काढली. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर वाटोळें व मोकळें असावें, ओळी सारख्या असाव्या, आरंभींचें वळण शेवटपर्यंत टिकावें, इतक्या बारकाईनें तेथें सांगितलें आहे. आमचे वडील हा समास वारंवार वाचून दाखवीत. ते परांड्यास शिक्षक होते, आणि अक्षर हा त्यांच्या लेखीं निम्मा धर्म होता.

वडील १९९६ सालीं सेवानिवृत्त झाले. गांवाचा इतिहास लिहावा, हें त्यांच्या मनांत पुष्कळ वर्षें होतें. ‘परांडें : स्थळ आणि काळ’ हें नांवहि त्यांनीं ठरवून ठेवलें होतें. हातानें लिहिलें तर छापखानेवाला चुका करील, तेव्हां आपणच छापील प्रत तयार करावी, असें त्यांनीं मनाशीं घेतलें. आणि १९९९ च्या दिवाळींत बार्शीच्या एका दुकानांतून सुटे भाग जुळवून केलेला संगणक आमच्या घरीं आला. त्यांत विंडोज ९८ होतें, आणि दुकानदारानें ‘मराठी टाकून दिलें आहे’ असें सांगितलें होतें. मराठी टाकून दिलें, म्हणजे काय केलें, याचा उलगडा होण्यास आम्हां बापलेकांस सहासात वर्षें लागलीं. तो येथें थोडक्यांत सांगितला पाहिजे, कारण पुढील सर्व गोष्ट त्यावर उभी आहे.

संगणकास अक्षर कळत नाहीं, त्यास आंकडा कळतो. अमेरिकेंत १९६३ सालीं इंग्रजी अक्षरांस व चिन्हांस क्रमांक देणारा एक संकेत ठरला. त्यांत मोठ्या ‘ए’स ६५ हा क्रमांक आहे. कळ दाबली कीं यंत्रांत ६५ नोंदला जातो, आणि पडद्यावर त्या क्रमांकाचें चित्र उमटतें. हें चित्र पुरविणारी जी पेटी, तिला फाँट म्हणतात. आतां एखाद्या हुशार कारागिरानें त्या पेटींतील इंग्रजी चित्रें काढून त्यांच्या जागीं मराठी चित्रें ठेवलीं, तर काय होईल? पडद्यावर मराठी दिसेल, कागदावर मराठी छापलें जाईल, आणि यंत्र मात्र आपण इंग्रजीच लिहीत आहोंत, अशा समजुतींत राहील. दुकानदारानें जें टाकून दिलें होतें, तें हें. वडिलांनीं ‘परांडा’ लिहिलें कीं यंत्राच्या पोटांत आय, जे, के, ए, एम, के अशीं सहा इंग्रजी अक्षरें जात. मराठी हा वरचा मुखवटा. तो काढला कीं खालीं अर्थहीन इंग्रजी.

त्या काळीं असे फाँट पुष्कळ निघाले. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपि, आकृति हीं नांवें लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडीं होतीं. प्रत्येकाची मांडणी निराळी; एकांत लिहिलेलें दुसऱ्यांत वाचतां येत नसे. यांबद्दल त्यांच्या कर्त्यांस बोल लावण्याची रूढि आहे, पण ती आम्हांस अन्यायाची वाटते. लोकांस त्या वेळीं छापील कागद हवा होता, आणि तो त्यांनीं दिला. खेड्यापाड्यांतून वर्तमानपत्रें, अहवाल, पत्रिका जी दहा-पंधरा वर्षें निघाली, ती त्यांच्या जोरावर. चूक एवढीच कीं, जी तात्पुरती सोय होती तिच्यावर आम्हीं कायमचें घर बांधलें.

आमचा फाँट टंकलेखनयंत्राच्या वळणाचा होता. टंकलेखनयंत्रावर जागा थोडी, म्हणून तेथें अक्षरें तुकड्यांनीं जोडून करीत. अर्धा ‘ण’ आणि पुढें उभा दंड मिळून पूर्ण ‘ण’. तीच युक्ति या फाँटांत होती, आणि तो दंड व आपला काना हे यंत्राच्या दृष्टीनें एकच होते. खोडण्याची कळ एकदां दाबली, कीं ‘पण’ मधील दंड तेवढा नाहींसा होई आणि लंगडा ‘ण्’ मागें राही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती अक्षराआधीं द्यावी लागे. चाळीस वर्षें पोरांना ‘क ला वेलांटी कि’ असें शिकविलेल्या माणसास ही गोष्ट फार लागली. ‘बाळाआधीं टोपरें!’ असें म्हणून ते कळ दाबीत. त्यांतच भारनियमनाचे ते दिवस. वीज केव्हां जाईल याचा नेम नसे, आणि दोन पानें लिहून झाल्यावर ती हटकून जाई. दर पांच ओळींनंतर लिहिलेलें जतन करावें, हा धडा वडील तीन वेळां पानें गमावून शिकले. पुढें ती संवय इतकी जडली, कीं वहींत पत्र लिहितांनाहि मध्येंच थांबून डावा हात टेबलावर कांहीं तरी चांचपीत असे.

आंकड्यांची गोष्ट याहून निराळी, आणि या लेखाचें कारण तीच आहे. त्या फाँटांत वरच्या ओळींतील कळा दाबल्या तर इंग्रजी आंकडे उमटत. वडिलांस तें पसंत नव्हतें. मराठी ग्रंथांत मराठी आंकडेच असले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. मराठी आंकडे त्या पेटींत होते, पण दूर कोपऱ्यांत; ‘१’ पासून ‘९’ पर्यंतचे १३१ ते १३९ या घरांत, आणि शून्य तेवढें कां कोण जाणे २२९ व्या घरांत. ते आणण्यासाठीं आल्ट नांवाची कळ दाबून धरून चार आंकडी क्रमांक द्यावा लागे. एका आंकड्यास पांच कळा, एका सालास वीस. वडिलांनीं हा तक्ता पुठ्ठ्यावर शाईनें लिहून भिंतीस टांगला होता. इतिहासाचा ग्रंथ, त्यांत सालें किती असावयाचीं! तरी तो मनुष्य प्रत्येक सालासाठीं वीस कळा दाबीत चार वर्षें बसला. ‘इंग्रजी आंकडे घातले तर काय बिघडतें?’ असें आम्हीं एकदां सुचविलें. त्यावर, ‘मग इंग्रजींतच लिहितों कीं,’ असें उत्तर मिळालें.

वास्तविक याहून बरी व्यवस्था त्या वेळीं देशांत अस्तित्वांत होती. कानपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत १९८० नंतरच्या पहिल्याच वर्षांत संगणकावरील देवनागरीचें काम झालें. त्या कामांतील मोहन तांबे पुढें पुण्याच्या सी-डॅक या संस्थेंत आले, आणि १९८८ त स्थापन झालेल्या त्या संस्थेंत ‘जिस्ट’ या नांवानें तें काम वाढलें. त्यामागील विचार फार शहाणपणाचा होता. क्रमांक चित्रास द्यावयाचा नाहीं, अक्षरास द्यावयाचा. अक्षरें उच्चाराच्या क्रमानें साठवावयाचीं, म्हणजे ‘क’ आधीं आणि वेलांटी मागाहून. आणि तीं पडद्यावर कशीं मांडावयाचीं हें यंत्रानें पाहावयाचें. देवनागरी, बंगाली, कन्नड, तमिळ या सर्व लिपींचें मूळ एक, तेव्हां त्यांचा संकेतहि एकच ठेवला. १९९१ सालीं तो भारतीय मानक म्हणून मान्य झाला. कळफलकाची ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणी १९८६ तच ठरली होती. तींत स्वर डाव्या हातास व व्यंजनें उजव्या हातास दिलेलीं आहेत. वडिलांना हवी तशी ‘क ला वेलांटी कि’ तेथें होती! पण जिस्टचें कार्ड यंत्रांत बसवावें लागे. कचेरीनें घ्यावी अशी ती वस्तु, बार्शीच्या दुकानदाराकडे ती कोठून असणार? पुण्याची विद्या परांड्यास पोंचण्यापूर्वीं कॅलिफोर्नियाहून फिरून आली, हा आमच्या इतिहासांतील नेहमींचाच प्रकार आहे.

ती फिरून आली ती युनिकोडच्या रूपानें. जगांतील सर्व लिपींच्या प्रत्येक अक्षरास एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, या हेतूनें अमेरिकेंतील संगणक-व्यवसायांतील मंडळींनीं जो संकेत रचला, त्याचा पहिला भाग ऑक्टोबर १९९१ मध्यें प्रसिद्ध झाला. देवनागरीस त्यांत १२८ घरें मिळालीं, आणि त्यांची मांडणी आपल्याच १९८८ च्या संकेतावरून घेतली होती. ‘क’चा क्रमांक २३२५. हिंदीस ज्याची गरज नाहीं त्या आपल्या ‘ळ’सहि २३५५ हें हक्काचें घर मिळालें. विंडोज २००० पासून घरगुती यंत्रांस हा संकेत कळूं लागला. त्याबरोबर ‘मंगल’ नांवाचा जो देवनागरी फाँट आला, तो रघुनाथ कृष्ण जोशी यांनीं रेखाटलेला. हे गृहस्थ मराठी कवि, सुलेखनकार, आणि मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें अध्यापक. जगभर जेथें जेथें त्या काळीं पडद्यावर देवनागरी दिसली, तेथें बहुधा या मराठी माणसाचें वळण दिसलें. त्यांच्या नांवाची ओळख आपल्या सुशिक्षित घरांतून दहांत एकासहि नसावी.

आमच्या घरीं ही सुधारणा २००६ त पोंचली. जुनें यंत्र बिघडलें, म्हणून विंडोज एक्सपी असलेलें नवें घेतलें. त्यांत मराठी होतें, पण कुलुपांत; भाषांच्या पानावर जाऊन एका चौकोनांत खूण करावी लागे, आणि खूण करतांच यंत्र मूळ तबकडी मागे. तबकडी दुकानदारानें दिलेली नव्हती. ती त्याच्याजवळ तरी होती कीं नाहीं, याविषयीं आम्हांस अजून शंका आहे. शेवटीं आम्हीं सोलापुराहून सुट्टींत येतांना एका सहकाऱ्याची तबकडी मागून आणली, खूण केली, यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें. वडिलांनीं पहिली गोष्ट केली ती अशी : पडद्यावर एक रिकामें दप्तर काढलें, आणि त्यास नांव दिलें, ‘परांडा’. जुन्या यंत्रांत दप्तरांचीं नांवें इंग्रजींतच द्यावीं लागत, कारण तेथें मुखवटा चालत नसे. हें नांव यंत्रानें निमूटपणें घेतलें. मग त्यांनीं ‘अनाळा’, ‘डोमगांव’, ‘सोनारी’ अशीं आणखी तीन काढलीं. यंत्रानें तीं अकारविल्हे लावून दाखविलीं : अनाळा, डोमगांव, परांडा, सोनारी. वडील बराच वेळ त्या चार नांवांकडे पाहत बसले. ‘याला बाराखडी येते,’ ते म्हणाले.

पुढचे दिवस केवळ आनंदाचे गेले असें नाहीं. आपल्या मराठींत ‘आचार्यांस’ आणि ‘आचाऱ्यांस’ हे दोन शब्द निराळे आहेत, व त्यांस द्यावयाची दक्षिणाहि निराळी आहे. वडील ‘पायऱ्या’ लिहावयास गेले कीं पडद्यावर ‘पायर्या’ उमटे. हिंदीस या अक्षराची गरज नाहीं, म्हणून सांगणारा कोणी नाहीं, अशी स्थिति. आठवडाभर ते त्याच्या मागें होते. एके रात्रीं अकराच्या सुमारास सोलापुरास आमचा टेलिफोन वाजला. अशा अवेळीं घरून टेलिफोन आला म्हणजे मनुष्याच्या मनांत काय येतें, तें वाचक जाणतातच. पलीकडून वडिलांचा आवाज आला : ‘सांपडलें! शिफ्ट धरून र दाबायचा, मग हलन्त, मग य.’ आणि टेलिफोन बंद. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळेंत वर ‘ऱ’ आहे, आणि त्याचें अर्धें रूप म्हणजेच आपला पायऱ्यांतला ‘ऱ’, हें त्यांनीं कोणाच्या मदतीवांचून, अडुसष्टाव्या वर्षीं शोधून काढलें होतें. मोठ्या पदव्या मिळाल्यावर आम्हांस जेवढा आनंद झाला नाहीं, तेवढा त्यांस त्या रात्रीं झालेला असावा.

यानंतरच्या सुधारणा आम्ही भराभर सांगतों, कारण त्या सर्वांस ठाऊक आहेत. ‘ॲ’ हें अक्षर मराठीसाठीं म्हणून युनिकोडमध्यें २००८ सालीं आलें; त्यापूर्वीं ‘ॲटम’ लिहितांना ‘अ’वर चंद्र चढविण्याची खटपट असे. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठी वर्णमाला व अक्षरांचीं वळणें ठरवून दिलीं. इंग्रजी अक्षरांत बोली लिहावी आणि यंत्रानें तिची देवनागरी करावी, अशा सोयी निघाल्या, आणि तरुण मंडळींनीं कळफलक शिकण्याचें सोडलें. २०१७ पासून मोबाइल फोनवर मराठी बोललें कीं अक्षरें उमटूं लागलीं. आमच्या मातोश्री आतां त्यावर भाजीची यादी सांगतात, व ‘मेथी’च्या ठिकाणीं ‘मैत्री’ आली तर फोनासच रागावतात. शुद्धलेखन तपासणारे प्रोग्रॅमहि आले आहेत. प्रस्तुत लेख आम्हीं घरच्या संगणकावर लिहीत असतां त्याच्या जवळजवळ प्रत्येक शब्दाखालीं तांबडी रेघ आहे, कारण १९६२ सालीं साहित्य महामंडळानें जे अनुस्वार काढून टाकले, ते आम्हीं वडिलांच्या संवयीनें ठेवले आहेत. यंत्राचें म्हणणें नियमास धरून आहे. आम्हीं त्या रेघा दिसूं नयेत अशी व्यवस्था केली आहे.

आतां मुख्य गोष्ट. वडिलांचा ग्रंथ २००३ सालींच जुन्या फाँटांत लिहून पूर्ण झाला होता. त्यांनीं तो बार्शीस नेऊन, एका इंटरनेटच्या दुकानांतून, पत्राच्या मजकुरांतच उतरवून आम्हांस ई-मेलनें पाठविला. आमच्या यंत्रावर तो फाँट नव्हता. पत्र उघडलें तों पानेंच्या पानें इंग्रजी अक्षरांचा चिवडा. वडिलांनीं टेलिफोनवर विचारलें, ‘पोंचलें का?’ आम्हीं ‘पोंचलें’ म्हणून सांगितलें. तें खोटें नव्हतें. फाँट मागवूं, वाचूं, असें म्हणतां म्हणतां परीक्षा आल्या, पेपर तपासण्याचे गठ्ठे आले. पुढें दोन वेळां त्यांनीं ‘वाचलेंस का रे?’ असें विचारलें. मग विचारण्याचें सोडलें. नवें यंत्र आल्यावर ग्रंथ नव्या संकेतांत पुन्हां लिहावा, असें आम्हीं सुचविलें, तर ‘पुन्हां पहिल्यापासून?’ एवढेंच म्हणाले. २००८ च्या पावसाळ्यांत ते वारले. जुन्या यंत्राची चकती निकामी झाली होती. फ्लॉप्या होत्या, पण माजघराच्या ओलीनें त्यांस बुरशी धरली होती. आणि छापून काढलेली एकुलती प्रत त्यांनीं कोणास वाचावयास दिली, हें घरांत कोणास ठाऊक नव्हतें. राहिलें तें ई-मेलांतील पत्र.

त्यास आम्हीं हात घातला तो २०२० च्या टाळेबंदींत. एका फाँटांतील मजकूर युनिकोडमध्यें आणणारे प्रोग्रॅम आतां सहज मिळतात. त्यांचें काम वाटतें तितकें सोपें नसतें. आय च्या ठिकाणीं ‘प’ आणि जे च्या ठिकाणीं ‘र’ घातला कीं झालें, असें नाहीं. पुढें असलेली वेलांटी मागें न्यावी लागते, शेवटीं दिलेला रफार पुढें आणावा लागतो, आणि दिसलेला दंड हा काना आहे कीं ‘ण’चें अंग आहे, हें ओळखावें लागतें. आम्हीं मजकूर त्यांत घातला, कळ दाबली, आणि पांच सेकंदांत सतरा वर्षें बंद असलेला ग्रंथ पडद्यावर मराठी बोलूं लागला. पहिलें वाक्य डोमगांवच्या मठाविषयीं होतें. तें वाचतांना वडिलांचा आवाज कानीं पडला असें लिहिण्याची पद्धत आहे. आम्हांस मात्र प्रथम दिसलें तें हें, कीं वाक्यांत ‘शके’ या शब्दापुढें कांहीं नाहीं.

पुढें गेलों. ‘इ. स. ०० मध्यें मलिक अंबरानें.’ ‘इ. स. त तोफ विजापुरास गेली.’ ‘बुरुज आहेत.’ साऱ्या ग्रंथांतून आंकडे उडाले होते. शून्यें तेवढीं शिल्लक. कारण शोधावयास दोन दिवस लागले. १२८ पासून १५९ पर्यंतच्या घरांत काय ठेवावें, याविषयीं यंत्रकर्त्यांत एकमत नव्हतें. जुन्या आंतरराष्ट्रीय मानकांत तीं घरें यंत्राच्या गुप्त आज्ञांसाठीं राखून ठेवलेलीं, विंडोजनें तेथें चिन्हें बसविलीं. त्यामुळें जुनें मानक पाळणारा एखादा टपालाचा प्रोग्रॅम त्या घरांतील ऐवज निरर्थक समजून वाटेंत टाकून देई. वडिलांचे ‘१’ ते ‘९’ नेमके १३१ ते १३९ या घरांत होते. शून्य २२९ त होतें, म्हणून तें वांचलें. वरच्या ओळींतील साधे इंग्रजी आंकडे त्यांनीं वापरले असते, तर एकहि गेला नसता. वीस वीस कळा दाबून लिहिलेलीं सालें गेलीं, आणि तीं गेलीं हें सांगावयास जागोजाग शून्यें राहिलीं.

इतिहासाच्या ग्रंथांतून सालें गेलीं, म्हणजे मग कहाणी राहते. आम्ही इतिहासाचे अध्यापक. राजकीय सालें भरण्यास आम्हांस फार अडचण पडली नाहीं. १६०० त दोन शून्यें असतात, १६३० त एक, १६३२ त व १५४९ त एकहि नाहीं. पुस्तकांतून साल घ्यावें आणि शून्यांशीं ताडून पाहावें, असा क्रम ठेवला. एका ठिकाणीं पुस्तकाचें साल शून्यांशीं जुळेना. तेथें वडिलांनीं निराळ्या साधनावरून निराळें साल दिलें होतें, हें त्या एका शून्यावरून कळलें, पण तें साल कोणतें, हें कळण्याचा मार्ग नाहीं. तेथें आम्हीं जागा मोकळी ठेवली आहे.

शेवटच्या प्रकरणांत गांवांतील जुन्या घराण्यांची हकीकत होती, आणि तींत चार ओळी आमच्या घराविषयीं. आमचे आजोबा परांड्यास येऊन राहिले, त्याचें साल तेथें दिलेलें होतें. आतां राहिलें होतें एक शून्य. १९०८, १९२०, १९३०, कोणतेंहि असूं शकेल. मातोश्रींस विचारलें. त्यांनीं सासूबाईंकडून ऐकलेलें सांगितलें : मानमोडीच्या सालीं मंडळी अजून मूळ गांवींच होती. मानमोडीचा ताप १९१८ चा. म्हणजे १९०८ गेलें. १९२० कीं १९३० हें राहिलें. मग त्या म्हणाल्या, ‘वरच्या पेटींत कागद आहेत, पण ते तुला वाचतां यायचे नाहींत.’

पेटी माळ्यावरची, तींत हळद-कुंकू लागलेलें घराचें खरेदीखत निघालें. वर निजाम सरकारचा उर्दू शिक्का, खालीं दाट मोडी मजकूर. मोडीसहि युनिकोडनें २०१४ सालीं क्रमांक दिले आहेत, पण आमच्या घरच्या संगणकावर ती अक्षरें अजून चौकोन होऊन दिसतात, आणि आमच्या डोळ्यांसहि तीं तशींच दिसतात. आमच्या पिढीस मोडी शिकविलीच गेली नाहीं. परंतु मोडींतले आंकडे बहुतेक बाळबोधींतलेच. अक्षरांच्या त्या जाळ्यांतून तिसऱ्या ओळींत ‘फसली’ या शब्दासारखें कांहीं दिसलें, आणि त्यापुढें चार आंकडे, काळ्या शाईंत, सुटे सुटे, वळणदार : १३३०. हैदराबादच्या फसलींत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. आम्हीं खालीं उतरून यंत्रासमोर बसलों, वडिलांच्या वाक्यांतील शून्याच्या डावीकडे ‘१९२’ घातलें, आणि संवयीनें लगेच जतन केलें.